स्लॉथ म्हणजे आळस

आज मी तुम्हाला एका इंग्रजी शब्दाची माहिती सांगतो. तो शब्द आहे 'स्लॉथ'. स्लॉथ म्हणजे आळस.

हा शब्द कसा झाला? इंग्रजीत स्लो म्हणजे हळू. त्याला शेवटी 'थ' लागला की स्लॉथ होतो. जसे वॉर्म म्हणजे गरम आणि वॉर्म्थ म्हणजे ऊब. आपण आळशीला 'पणा' लावून आळशीपणा करतो, तसेच हे आहे. ख्रिस्ती धर्मात सात मोठी पापे सांगितली आहेत. त्यात स्लॉथ हे एक आहे.

स्लॉथ नावाचा एक प्राणीपण आहे. तो दक्षिण अमेरिकेच्या जंगलात झाडाला उलटा लटकून राहतो. फार हळू हलतो, म्हणून त्याचे हे नाव पडले. पण गुरुजी म्हणाले, तो आळशी नाही. तो झाडाचा पाला खातो. पाल्यातून ताकद कमी मिळते आणि तो पचायला पुष्कळ दिवस लागतात. म्हणून तो अंगातली ताकद जपून वापरतो.

आता गंमत ऐका. आपल्या मेळघाटात जे अस्वल आहे, त्याला इंग्रजीत 'स्लॉथ बेअर' म्हणतात! १७९१ साली जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याची लांब नखे आणि दात पाहिले. त्याला वाटले, हा स्लॉथच्याच जातीचा आहे. पुढे ते अस्वल आहे हे कळले, तरी नाव तेच राहिले. हे अस्वल तर रातभर हिंडते. नखांनी वारूळ उकरते. त्याला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून खाते. मध आणि मोहफुलेपण खाते. चिडले तर माणसाच्या अंगावर धावून येते. मोहफुले वेचायला जाणाऱ्यांना विचारा, अस्वल आळशी असते काय?

एकदा नाव पडले की ते लवकर निघत नाही. आमच्या वर्गात एक मुलगा डुलक्या देतो. पोरं त्याला आळशी म्हणतात. पण त्यांच्या वावरातल्या मोटारीची लाइन रात्री येते. तेव्हा तो बाबांसंगं कंदील धरून पाणी द्यायला जातो. सकाळी शाळेतपण वेळेवर येतो.

म्हणून माझे सर्वांना सांगणे आहे. कोणाला आळशी म्हणायच्या आधी, तो रात्री कुठे होता ते विचारा.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी