‘युद्ध नको, बुद्ध हवा’ आणि सिलोनचा धडा

बुद्ध जयंतीच्या सभेत ‘युद्ध नको, बुद्ध हवा’ ही घोषणा झाली नाही, असे आमच्या वस्तीत तरी कधी घडले नाही. विहाराच्या भिंतीवर ती निळ्या रंगात लिहिलेलीही आहे. दोन वर्षांपूर्वी वंदना आटोपून खीरदान चालू असताना बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने मला विचारले, “काका, श्रीलंका तर बुद्धाचाच देश. मग तिथे २६ वर्षे युद्ध कसे चालले?” परकीय कारस्थान, राजकारण असे काहीबाही सांगून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. जगाला शांतता बुद्धाच्याच मार्गाने मिळेल असे आपण व्यासपीठावरून सांगतो, तेव्हा या मुलीला उत्तर देणेही आपल्यालाच भाग आहे.

सुरुवात अभिमानाच्या गोष्टीपासून करतो. सप्टेंबर १९५१ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे जपानशी शांततेचा करार करण्यासाठी परिषद भरली होती. युद्धात हरलेल्या जपानकडून काय वसूल करावे आणि त्याला किती मोकळीक द्यावी, यावर बड्या राष्ट्रांची ओढाताण चालली होती. (भारत या परिषदेला गेला नाही. त्याने १९५२ साली वेगळा करार केला आणि भरपाईही सोडली, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.) त्या सभागृहात सिलोनचे अर्थमंत्री जे. आर. जयवर्धने उभे राहिले. त्यांच्या देशावर, कोलंबोवर आणि त्रिंकोमालीवर, १९४२ साली जपानी विमानांनी बॉम्ब टाकले होते. तरीही त्यांनी धम्मपदातील यमक वग्गाच्या पाचव्या गाथेचा, म्हणजे आपली लहान मुलेही म्हणतात त्या वैर-अवैराच्या गाथेचा, आधार घेऊन सांगितले की सिलोनला जपानकडून भरपाई नको. मी वाणिज्य शाखेचा, हयात हिशेबाच्या वह्यांत गेली. वसूल होण्यासारखी येणे बाकी स्वखुशीने सोडून देणे किती जड जाते, हे मी जाणतो. जपानी लोकांनी हे लक्षात ठेवले. कामाकुरा येथील प्रचंड बुद्धमूर्तीच्या आवारात त्यांनी जयवर्धने यांचे स्मारक उभारले आहे.

आता त्याच देशाच्या वहीचे दुसरे पान पाहू.

सिलोनच्या डोंगरात चहाचे मळे आहेत. इंग्रजांनी तिथे राबायला तमिळ मुलखातून माणसे नेली. त्यांत मोठा भरणा आपल्यासारख्याच, गावकुसाबाहेरच्या जातींचा होता. १९४८ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने या लाखो मजुरांचे नागरिकत्व गेले, पाठोपाठ मताचा हक्कही गेला. ज्यांच्या घामाने देशाला परकीय चलन मिळत होते, ते कोणत्याच देशाचे उरले नाहीत. पुढे १९६४ साली शास्त्रीजी आणि सिरिमावो बंडारनायके यांच्यात करार झाला : सव्वा पाच लाख माणसे भारताची, तीन लाख सिलोनची आणि उरलेल्या दीड लाखांचे नंतर पाहू! गोदामातला माल वाटून घ्यावा तशी माणसे वाटली गेली. राहिलेल्यांना नागरिकत्व मिळायला २००३ साल उजाडले.

परमपूज्य बाबासाहेब १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी सिलोनला गेले होते. तिथल्या अस्पृश्यांना त्यांनी धम्माकडे येण्याचे आवाहन केले आणि तिथल्या बौद्धांनाही सांगितले की या माणसांना आपले म्हणा, त्यांची काळजी वाहा. म्हणजे ज्यांच्या देशात पाहुणे म्हणून गेले, त्यांनाच त्यांचे घरचे कर्तव्य सांगून आले. बाबासाहेबच ते!

हे ऐकले कोणी? १९५६ साली, नागपूरला आपली दीक्षा झाली त्याच वर्षी, तिथे सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरली. या कायद्याविरुद्ध कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर सत्याग्रहाला बसलेल्या तमिळ नेत्यांना जमावाने मारहाण केली. पंतप्रधान बंडारनायके यांनी १९५७ मध्ये तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी समझोता केला, पण भिक्खूंनीच त्यांच्या घरापुढे धरणे धरले आणि १९५८ मध्ये तो त्यांना मोडावा लागला. लगेच दंगली पेटल्या. पुढच्या वर्षी बंडारनायके यांच्यावर गोळ्या झाडणारा माणूसही चीवरधारीच होता. हे लिहिताना हात जड होतो, पण झाकून काय उपयोग?

जुलै १९८३ मध्ये तमिळ वाघांनी १३ सैनिक मारले आणि कोलंबोत तमिळांची घरे-दुकाने जाळली गेली. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष कोण होते? जयवर्धने. जपानला क्षमा करणाऱ्या या गृहस्थांना स्वतःच्या नागरिकांसाठी, दंगल पेटल्यावर चार दिवसांनी केलेल्या भाषणातही, सहानुभूतीचा शब्द सापडला नाही. वाघांनीही पाप कमी केले नाही. अनुराधपूरच्या बोधिवृक्षाजवळच्या भाविकांना १९८५ मध्ये त्यांनी गोळ्या घातल्या, १९९० मध्ये उत्तरेतून मुसलमानांना हाकलले. मे २००९ मध्ये युद्ध संपले, ते समेटाने नव्हे, तर हजारो तमिळ नागरिकांच्या मरणाने.

बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील रोहिणी नदीचा प्रसंग आपण सर्वांनी वाचला आहे. शाक्य आणि कोलीय यांचे पाण्यावरून भांडण झाले, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि गृहत्याग पत्करला. पण पुढचा भाग आपण घाईने वाचतो. युद्ध टळल्याची बातमी येते, घरी परतायला आता काहीच हरकत नसते. तरी सिद्धार्थ परतत नाहीत. त्यांना उमगते की राष्ट्राराष्ट्रांचे भांडण अधूनमधून होते, वर्गावर्गांचे भांडण मात्र रोज चालू असते आणि दुःखाचे मूळ तिथे आहे. सिलोनने पहिला भाग जगापुढे उत्तम वाचून दाखवला. दुसरा मळ्यातल्या खोल्यांत आणि जाफन्याच्या शाळांत वाचायचा होता.

जागतिकीकरण आले म्हणजे ही भांडणे आपोआप विरतील, असे आमच्या कचेरीतले काही विद्वान १९९१ नंतर सांगत असत. श्रीलंकेने आपली बाजारपेठ आपल्याआधी, १९७७ सालीच खुली केली. परदेशी भांडवल आले, कटुनायकेला कपड्यांचे कारखाने निघाले, आणि सहा वर्षांत कोलंबो पेटले. तेव्हाही माणुसकी अगदीच मेली नव्हती. शेजारच्या तमिळांना घरात लपवणारी सिंहली कुटुंबे होती. ए. टी. अरियरत्ने यांच्या सर्वोदय श्रमदान चळवळीने निर्वासितांना हात दिला.

या वर्षी ती मुलगी सुट्टीत भेटली. ती आता पदवीच्या वर्गात आहे. तिला हे सगळे सांगितले. सांगताना २०२२ सालचेही सांगितले. देश कर्जात बुडाला, पेट्रोल आणि औषधे मिळेनात, तेव्हा सिंहली, तमिळ, मुसलमान असे सारे त्याच गॉल फेसवर तंबू ठोकून बसले. १८ मे रोजी तिथे युद्धात मेलेल्या तमिळांचे स्मरण झाले. युद्धाच्या अखेरीस वेढ्यात सापडलेली माणसे ज्या पातळ तांदळाच्या पेजेवर जगली, ती पेज तिथे वाटली गेली. सिंहली लोकांनी ती घेतली, चीवरधारी भिक्खूही त्यात होते. “म्हणजे खीरदानासारखेच,” ती म्हणाली. मी म्हटले, खीर नाही गं, पेज. मिठाचीसुद्धा नाही.