छातीतला कफ आणि दुकानातली बाटली

पावसाळा जोर धरू लागला की कळंबोलीत खोकल्याची साथच आल्यासारखे वाटते. लोखंड बाजारात रात्रंदिवस ट्रक-ट्रेलरची ये-जा, महामार्गाचा धूर, शेजारी तळोज्याची औद्योगिक वसाहत आणि घरात पावसाने ओलावलेल्या भिंती. सर्दी चार दिवसांत बरी होते, पण छातीत घुरघुर राहते. कफ सुटत नाही, रात्री झोप लागत नाही. मग माणूस औषधाच्या दुकानात जातो आणि म्हणतो, ‘‘कफ बसलाय, एखादी बाटली द्या.’’ बाटली मिळते, दोन घोट थेट तोंडाला लावून घेतले जातात आणि उरलेली बाटली फळीवर जाते. पुढच्या महिन्यात घरातले दुसरे कोणी खोकू लागले की तीच खाली उतरते.

या प्रकारात एक गोष्ट राहून जाते. त्या बाटलीत नेमके काय आहे, हे कोणीच वाचलेले नसते.

खोकला हा शत्रू नव्हे

आपल्या श्वासनलिकेला आतून चिकट स्रावाचे पातळ अस्तर असते. त्यात धूळ व जंतू अडकतात आणि सूक्ष्म केसांसारखे तंतू तो स्राव हळूहळू घशाकडे ढकलतात. सर्दी-पडशात किंवा धुळीने हा स्राव वाढतो व घट्ट होतो. यालाच आपण कफ म्हणतो. खोकला हा तो बाहेर टाकण्याचा शरीराचा मार्ग आहे. बिडी-सिगारेटच्या धुराने हे तंतू निकामी होतात. म्हणून धूम्रपान चालू ठेवून कफाचे औषध घेणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे होय.

खोकल्याची औषधे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार कफ सुटण्यास मदत करणारा. ग्वायफेनेसिन, अमोनियम क्लोराइड, ब्रोमहेक्झिन आणि अँब्रोक्सॉल ही त्यातली नेहमीची नावे. यातील ब्रोमहेक्झिनचा संबंध आपल्या परसातल्या अडुळशाशी आहे. अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्यावरून ते तयार करण्यात आले आणि अँब्रोक्सॉल हे त्याचेच पुढचे रूप. दुसरा प्रकार खोकला दाबणारा. डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि कोडीन ही औषधे मेंदूतील खोकल्याच्या केंद्रावर काम करतात.

छाती कफाने भरलेली असताना दुसऱ्या प्रकारचे औषध घेतले तर खोकला थांबतो, पण कफ आतच राहतो. रुग्णाला बरे वाटते आणि आजार वाढू शकतो. दोन्ही बाटल्यांचा रंग, चव आणि चित्र सारखेच असू शकते. म्हणून मोठ्या अक्षरातील नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेले घटक वाचावेत. वाचता येत नसल्यास दुकानातील फार्मासिस्टला स्पष्ट विचारावे, ‘‘हे कफ सोडवणारे की खोकला दाबणारे?’’

कफ सोडवणाऱ्या औषधांकडूनही अवाजवी अपेक्षा ठेवू नये. त्यांचा उपयोग मर्यादित असतो. सर्दीमुळे आलेला खोकला बहुधा दोन ते तीन आठवड्यांत आपोआप कमी होतो. औषध फार तर थोडा आराम देते.

एका बाटलीत अनेक औषधे

आपल्याकडील बहुतेक सिरपांत एकच औषध नसते. कफ पातळ करणाऱ्या घटकासोबत टर्ब्युटालिन किंवा साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका रुंद करणारे औषध असू शकते. दम्याच्या रुग्णाला ते उपयोगी पडते, पण त्याने छाती धडधडते व हात थरथरतात. हृदयविकार, थायरॉइड, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. फिनिलएफ्रिन या नाक मोकळे करणाऱ्या औषधाने रक्तदाब वाढू शकतो. मधुमेहींनी सिरपातील साखरेचीही चौकशी करावी.

क्लोरफेनिरामाइन किंवा डायफेनहायड्रामाइन असलेल्या सिरपाने गुंगी येते. शिवाय स्राव सुकून कफ अधिक चिकट होऊ शकतो. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वृद्धांना लघवी अडण्याची भीती असते. कळंबोलीत गुंगीचा हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग येथूनच सुरू होतो. रात्री सिरप घेऊन मालाची गाडी घाटात नेणारा चालक स्वतःबरोबर इतरांचाही जीव धोक्यात घालतो. लोखंडाच्या अवजड मालाखाली किंवा क्रेनजवळ काम करणाऱ्या माथाडी कामगारालाही हेच लागू आहे. असे औषध घेतल्यावर गाडी चालवू नये, जोखमीचे काम करू नये आणि दारू तर मुळीच घेऊ नये.

सर्दीची गोळी आणि सिरप एकत्र घेताना दोन्हींत एकच घटक नाही ना, हे पाहावे. अनेकदा पॅरासिटामॉल दोन्हींत असते. मोठ्या माणसाने ते दिवसभरात 4 ग्रॅमपेक्षा जास्त घेणे यकृताला घातक ठरू शकते. यकृताचा आजार असणाऱ्यांची व नेहमी दारू पिणाऱ्यांची मर्यादा याहून कमी असते.

लेबलावर उभी लाल रेघ आणि ‘आरएक्स’ ही खूण असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचे असते. दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर तो अडवणूक करत नाही, नियम पाळतो आहे.

मुलांच्या बाबतीत तडजोड नको

ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील मुलांची मूत्रपिंडे निकामी झाल्याची बातमी देशभर गाजली. त्यातील अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणले होते. वीसहून अधिक मुले दगावली. त्यांना दिलेल्या ‘कोल्ड्रिफ’ सिरपाच्या तपासणीत डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रव्य 48.6 टक्के आढळले. मान्य मर्यादा फक्त 0.1 टक्का आहे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या सिरपाचा संबंधित साठा वापरू नये, असा इशारा दिला.

महाराष्ट्राला हे विष नवे नाही. 1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. ते औषध खोकल्याचे नव्हते, पण त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच द्रव्य होते. त्याची चौकशी न्या. लेंटिन आयोगाने केली. सिरपाला दाटपणा व गोडवा देणाऱ्या द्रवात ही भेसळ होते आणि ती चवीवरून किंवा वासावरून घरी ओळखता येत नाही. म्हणून सामान्य माणसाच्या हाती उरते ते एवढेच: गरज नसताना मुलाला सिरप पाजू नये, घ्यावेच लागले तर परवानाधारक दुकानातून पावती घेऊन घ्यावे आणि त्यावरील बॅच क्रमांक व मुदत पाहावी. सिरप दिल्यानंतर मुलाची लघवी कमी झाली, उलट्या सुरू झाल्या किंवा ते सुस्त पडले, तर बाटली सोबत घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

केंद्रीय आरोग्य खात्याने 2025 मध्ये दिलेल्या सूचनेनुसार दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याचे सिरप देऊ नये आणि पाच वर्षांखालीही ते सहसा देऊ नये. क्लोरफेनिरामाइन व फिनिलएफ्रिन एकत्र असलेले औषध चार वर्षांखालील मुलांना वापरू नये, असा इशारा लेबलावर छापण्याचे आदेश 2023 मध्येच निघाले होते. मोठ्यांच्या बाटलीतले ‘अर्धा चमचा’ मुलाला देण्याची सवय तर आजच सोडावी.

औषध घ्यायचे तर असे घ्यावे

बाटलीसोबतच्या मापानेच औषध मोजावे. औषधाचा चमचा म्हणजे 5 मिलिलिटर. घरातले चमचे लहान-मोठे असतात. दोन मात्रांतील अंतर लेबलाप्रमाणे ठेवावे. खोकला थांबत नाही म्हणून जास्तीचा घोट घेऊ नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही सिरप घेऊ नये. ब्रोमहेक्झिन किंवा अँब्रोक्सॉल घेतल्यावर अंगावर पुरळ उठले तर औषध बंद करून डॉक्टरांना दाखवावे. पोटात व्रण असणाऱ्यांनीही ही औषधे विचारूनच घ्यावीत.

घरगुती उपायांत कोमट पाणी, पेज किंवा सूप वारंवार घेणे चांगले. एक वर्षावरील मुलाला रात्री अर्धा ते एक चमचा मध देता येतो. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध कधीही चाटवू नये. त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाफ देऊ नये. पातेले कलंडून मुले भाजतात.

बाटली बाजूला ठेवण्याची वेळ

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, वजन घटले किंवा बेडक्यात रक्त दिसले तर क्षयाची शंका घ्यावी. थुंकीची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी. आडवे झाल्यावर धाप लागत असेल, पाय सुजत असतील किंवा गुलाबी फेसाळ कफ पडत असेल तर दुखणे हृदयाचे असू शकते. छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, बोलताना दम लागणे यांत क्षणाचाही उशीर करू नये. रक्तदाबाच्या रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांनीही कोरडा खोकला येतो. तो सिरपाने जात नाही. अशा वेळी गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

लहान मूल शांत असताना एक मिनिट त्याचा श्वास मोजावा. दोन महिन्यांखाली 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षे 40 किंवा अधिक श्वास हे न्यूमोनियाचे लक्षण असू शकते. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल किंवा मूल दूध ओढत नसेल, तर सिरपात वेळ न घालवता त्याला रुग्णालयात न्यावे.

आज घरी गेल्यावर फळीवरची जुनी बाटली खाली काढावी. तिची मुदत पाहावी, घटक वाचावेत. मुदत संपलेली, लेबल पुसलेली किंवा कोणासाठी आणली होती हे आठवत नसलेली बाटली पुन्हा वापरण्यासाठी ठेवू नये. उरलेली मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी कुलपात ठेवावी.