फेऱ्याचा पल्ला : जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या मागील आसाचे प्रमाण कसे निवडावे

यंत्रविद्येच्या परिभाषेत काही शब्द असे असतात, की ते जितके अधिक वापरले जातात तितका त्यांचा अर्थ अंधुक होत जातो. मोटारीच्या मागील आसातील दातेरी चाकांविषयी बोलताना इंग्रजीत ‘हाय’ आणि ‘लो’ ही जी विशेषणे वापरली जातात, ती या जातीची आहेत. अनुभवी कारागीर ज्या प्रमाणाला ‘हाय’ म्हणतो, त्याचा आकडा लहान असतो. नवखा ग्राहक मात्र मोठा आकडा तोच ‘हाय’ असे समजतो. परिणामी एकाच शब्दाने दोघे दोन विरुद्ध वस्तू मागतात. साठ वर्षांपूर्वीच्या मोटारीचा आस खोलून त्यात नको ती जोडी बसविणे हे खर्चाचे आणि मनस्तापाचे काम असल्यामुळे, हा केवळ शब्दांचा वाद राहत नाही. यास्तव प्रस्तुत लेखात एका विशिष्ट मोटारीचे उदाहरण घेऊन हे प्रमाण काय करते, ते कसे निवडावे आणि त्याविषयी बोलताना कोणता शब्द उपयोगी पडेल, याचा विचार केला आहे.

उदाहरणासाठी इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९५५ ते १९६२ या काळात तयार झालेली एम.जी.ए. ही दोन आसनी उघडी मोटार घेऊ. या मोटारी एक लाखाहून अधिक निघाल्या. त्यांचे सुटे भाग आजही मिळतात आणि त्यांचे मालक मागील आसाचे प्रमाण बदलण्याचा विचार वरचेवर करीत असतात.

१. प्रमाण म्हणजे काय

इंजिनाचे फिरणे गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टकडे आणि तेथून मागील आसाकडे येते. आसात शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन असते व ते मोठ्या क्राउन व्हीलला फिरविते. मूळ एम.जी.ए.मध्ये पिनियनला १० आणि क्राउन व्हीलला ४३ दाते आहेत. म्हणून शाफ्टचे ४.३ फेरे होतात तेव्हा चाकाचा १ फेरा होतो. या ४.३ ला आसाचे प्रमाण म्हणतात.

४० आणि १० असे सुटसुटीत आकडे न घेता ४३ आणि १० का घेतले, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. ४० दाते असते तर पिनियनचा प्रत्येक दाता क्राउन व्हीलच्या ठराविक चारच दात्यांना पुनःपुन्हा भेटला असता आणि एका दात्यातील दोष त्या चौघांतच खोल होत गेला असता. ४३ व १० यांना १ वाचून समान विभाजक नाही. त्यामुळे प्रत्येक दाता कालांतराने समोरच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सर्वत्र सारखी वाटली जाते.

आता मुख्य मुद्दा. गिअरबॉक्समधील प्रत्येक गिअरला या एकाच प्रमाणाने गुणिले जाते. पहिल्या गिअरचे प्रमाण ३.६४ आहे, ४.३ ने गुणिल्यावर ते १५.६५ होते. चौथ्या गिअरमध्ये शाफ्ट इंजिनाइतकाच फिरतो, म्हणून तेथे ४.३ हेच अंतिम प्रमाण. आसातील जोडी बदलली की चारही गिअर एकाच दिशेने आणि एकाच मापाने सरकतात. सपाट हमरस्त्यावर जे मिळविले, ते चढावर तेवढ्याच प्रमाणात द्यावे लागते.

२. आकड्यामागील रस्ता

४.३ हे प्रमाण ज्यांनी निवडले त्यांच्यापुढे १९५५ सालचे इंग्लंड होते. त्या देशात तेव्हा एकही मोटरवे नव्हता. प्रेस्टन शहराला वळसा घालणारा पहिला तुकडा डिसेंबर १९५८ मध्ये, तर एम-१ हा पहिला लांब मार्ग नोव्हेंबर १९५९ मध्ये खुला झाला. वळणांचे, चढउतारांचे, मध्येच गावातून जाणारे रस्ते आणि १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन, या दोहोंना हे प्रमाण चांगले साजत होते.

त्या कारखान्याचा पुढचा-मागचा क्रम पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. १२५० घन सेंटिमीटरच्या टी.डी. मोटारीत ४१ व ८ दात्यांची, म्हणजे ५.१२५ ची जोडी होती. १९५३ च्या टी.एफ.मध्ये ती ३९ व ८, म्हणजे ४.८७५ झाली. एम.जी.ए.मध्ये ४.३ आली. १९६१ च्या एम.जी.ए. १६०० मार्क २ मध्ये इंजिन १६२२ घन सेंटिमीटरचे झाले आणि जोडी ४१ व १० ची. १९६२ च्या एम.जी.बी.त इंजिन १७९८ चे व जोडी ४३ व ११ ची, म्हणजे ३.९०९. पुढे १९७३ साली त्याच एम.जी.बी.त ३५२८ घन सेंटिमीटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसविले गेले, तेव्हा ४३ व १४ दात्यांची जोडी, म्हणजे ३.०७, पुरेशी ठरली. इंजिनाची ताकद वाढत गेली तसतसा आकडा खाली येत गेला. आकडा आधी उतरला आणि ताकद मागून आली, असे येथे कोठेही घडलेले नाही.

३. ‘पल्ला’ हा शब्द

तथापि नुसत्या दात्यांच्या प्रमाणावरून दोन मोटारींची तुलना करता येत नाही, कारण चाके लहानमोठी असतात. म्हणून इंजिनाच्या एका फेऱ्यात, चौथ्या गिअरमध्ये, मोटार जमिनीवर किती अंतर जाते ते मोजावे. या अंतराला ‘पल्ला’ म्हणावे असे आम्ही सुचवितो. शब्द जुना आहे, सर्वांच्या तोंडी आहे, आणि ‘लांब पल्ला’ व ‘आखूड पल्ला’ म्हटल्यावर कोणाचाही गोंधळ होत नाही. चाकाच्या एका फेऱ्यातील अंतराला आसाच्या प्रमाणाने भागिले की पल्ला मिळतो. एम.जी.ए.चे १५ इंची चाक टायरसह, भाराखाली, एका फेऱ्यात सुमारे १.९६ मीटर जाते, एम.जी.बी.चे १४ इंची चाक सुमारे १.८८ मीटर. त्यावरून पुढील कोष्टक तयार होते :

(अ) मूळ एम.जी.ए., ४३/१० : पल्ला ४५.६ सें.मी.
(आ) एम.जी.ए. १६०० मार्क २, ४१/१० : पल्ला ४७.८ सें.मी.
(इ) एम.जी.बी., ४३/११ : पल्ला ४८.१ सें.मी.
(ई) एम.जी.ए.मध्ये बसविलेली एम.जी.बी.ची जोडी, ४३/११ : पल्ला ५०.१ सें.मी.

(आ) आणि (इ) यांचे आकडे ४.१ व ३.९०९ असे भिन्न दिसतात. परंतु पल्ला जवळजवळ एकच आहे. चाक लहान केले म्हणून प्रमाणाचा आकडा खाली आणावा लागला, इतकेच. भाषेत जसे दोन शब्दांचे रूप वेगळे आणि अर्थ एक असतो, तसेच हे आहे. उलट (इ) आणि (ई) यांत आकडा एकच, पण पल्ला वेगळा.

एम.जी.ए.च्या मालकाने लक्ष द्यावयाचे ते नेमके येथे. सुरुवातीच्या उघड्या एम.जी.बी.तील, म्हणजे १९६७ पर्यंतच्या बँजो आकाराच्या आसातील डिफरन्शियल एम.जी.ए.च्या आसात बसते, म्हणून ३.९०९ हा बदल फार लोकप्रिय आहे. ‘एम.जी.बी.चे प्रमाण मिळते’ असे त्याचे वर्णन केले जाते. वस्तुतः एम.जी.बी.चे दाते मिळतात, एम.जी.बी.चा पल्ला मिळत नाही. त्याहून लांब पल्ला मिळतो, आणि तोही लहान इंजिनाच्या गळ्यात पडतो.

४. लाभ आणि त्याची किंमत

लाभ खरा आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. ४३/१० ऐवजी ४३/११ घेतल्यास इंजिनाचे फेरे बरोबर अकरास दहा या प्रमाणात उतरतात. दर किलोमीटरला सुमारे २१९४ फेऱ्यांऐवजी १९९४, म्हणजे २०० फेरे कमी होतात. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९६५ पासून प्रयोगादाखल आणि १९६७ पासून कायमची लागू झालेली ताशी ७० मैलांची, म्हणजे सुमारे ११२.६ किलोमीटरची मर्यादा घेऊ. या वेगाला मूळ जोडीने इंजिन मिनिटास सुमारे ४१२० फेरे घेते, ४१/१० ने ३९३०, तर ४३/११ ने ३७४५. मोटरवेवर तासन् तास चालविणाऱ्याच्या कानाला हा फरक निश्चित जाणवतो.

आता किंमत. रस्त्यावर मिळणारा जोर हा इंजिनाच्या पिळाला, ज्याला कारागीर टॉर्क म्हणतात त्याला, पल्ल्याने भागिले असता येणाऱ्या संख्येच्या प्रमाणात असतो. १५०० एम.जी.ए.च्या इंजिनाचा कमाल पीळ सुमारे ७७ पौंड-फूट, सुरुवातीच्या एम.जी.बी.चा ११०. मूळ एम.जी.ए.चा चौथ्या गिअरमधील जोर १०० मानला, तर एम.जी.बी.चा सुमारे १३५ येतो आणि एम.जी.बी.ची जोडी बसविलेल्या एम.जी.ए.चा ९१. वजनात दोन्ही मोटारींत फारसा फरक नाही. तेव्हा ज्याला एम.जी.बी.सारखी सहज चाल हवी होती, त्याने आपली मोटार तिच्यापासून आणखी दूर नेलेली असते.

याचा परिणाम चढावर दिसतो. जो चढ मूळ मोटार चौथ्या गिअरमध्ये ओढीत नेत असे, तेथे आता तिसरा गिअर घ्यावा लागतो. तिसऱ्याचे प्रमाण १.३७४ आहे, ३.९०९ ने गुणिल्यावर ५.३७ होते. ४.३ च्या तुलनेत हे सुमारे सव्वापट आहे. म्हणजे सपाटीवर अकरा फेऱ्यांतील एक फेरा वाचविणारा चालक चढावर, त्याच वेगाला, पूर्वीच्या सव्वापट फेरे घेतो. ज्याचा प्रवास डोंगराळ मुलखातून आहे, त्याची बचत अशा रीतीने चढावरच खर्ची पडते. पहिल्या गिअरचे अंतिम प्रमाणही १५.६५ वरून १४.२३ वर येते. चढावर थांबून पुन्हा निघताना तेवढा क्लच अधिक घसरावा लागतो.

कमाल वेग वाढेल ही अपेक्षाही व्यर्थ आहे. १५०० एम.जी.ए.च्या इंजिनाची शक्ती मिनिटास ५५०० फेऱ्यांच्या आसपास कळसाला पोचते, आणि मूळ जोडीने त्या फेऱ्यांना वेग ताशी सुमारे १५० किलोमीटर होतो. मोटारीची प्रत्यक्ष धाव साधारण याच टप्प्यात संपते. लांब पल्ल्याने त्याच फेऱ्यांना १६५ चा आकडा कागदावर येतो. पण वाऱ्याचा विरोध मोडून तेथवर जाण्याची शक्ती इंजिनापाशी नाही.

५. निवडीचा क्रम

यावरून निवडीचा क्रम असा सांगता येईल. प्रथम आपल्या चाकाचे अंतर मोजावे : टायरवर खडूची खूण करून, माणसे बसवून मोटार चाकाच्या दहा फेऱ्यांइतकी ढकलावी आणि अंतरास दहाने भागावे. दुसरे, आसात सध्या कोणती जोडी आहे ते पाहावे; इतक्या वर्षांत ती कोणी बदलली नसेलच असे नाही. त्यासाठी मोटार सपाट जागी ठेवून पुढील चाकांना पक्की अडण लावावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, हातब्रेक सोडावा आणि मागील एकच चाक उचलून आसाखाली भक्कम टेकू द्यावा. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्याने उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउन व्हीलचा एक फेरा. चाकाला २० फेरे द्यावे आणि शाफ्टचे मोजावे : ४३ आले तर ४.३, ४१ आले तर ४.१, आणि ३९ हून किंचित अधिक आले तर ३.९०९.

तिसरे, वर्षभरातील आपला प्रवास बहुतांशी कोणत्या रस्त्यावर व कोणत्या वेगाने होतो हे प्रामाणिकपणे ठरवावे. मूळ १४८९ किंवा १५८८ चे इंजिन आणि संमिश्र रस्ते असतील, तर आमच्या मते ४१/१० ही जोडी समंजस मर्यादा होय, तिने एम.जी.बी.चा पल्ला जवळजवळ मिळतो आणि जोर फक्त शेकडा पाचच्या आत उतरतो. मोटारीत एम.जी.बी.चे १७९८ चे इंजिन बसविले असेल, तर ४३/११ निःशंकपणे घ्यावी, कारण पल्ला लांबूनही जोर मूळच्या सुमारे १३० राहतो. ज्याला चढ आणि मोटरवे ही दोन्ही हवीत, त्याने आसाला हात न लावता गिअरबॉक्सचा विचार करावा. फोर्डची टाइप ९ ही पाच गिअरांची गिअरबॉक्स अनेकांनी एम.जी.ए.त बसविली आहे. तिचा पहिला गिअर ३.६५, म्हणजे मूळच्यासारखाच, आणि पाचवा सुमारे ०.८२ आहे. ताशी ७० मैलांना इंजिन मग सुमारे ३३८० फेऱ्यांवर चालते, आणि चौथा गिअर चढासाठी पूर्वीसारखाच शिल्लक राहतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. क्राउन व्हील व पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळविलेली असतात. एका जोडीतील पिनियन दुसऱ्या जोडीतील चाकाशी लावू नये. शक्यतो संपूर्ण डिफरन्शियल आहे तसे बदलावे, म्हणजे दात्यांची खोली व फट यांची बसलेली मापे बिघडत नाहीत. ॲक्सल शाफ्टच्या खाचा त्यात बसतात की नाही हे मात्र आधी पाहावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एम.जी.ए.चा वेगदर्शक गिअरबॉक्सवरून चालतो. आसात काय बदलले हे त्याला ठाऊक नसते. ४३/११ बसविल्यावर तो ७० मैल दाखवील तेव्हा खरा वेग ७७ असेल. म्हणून त्या यंत्राची दुरुस्ती हा याच कामाचा भाग समजावा आणि ती होईपर्यंत मोटार रस्त्यावर आणू नये.

शेवटी परिभाषेकडे वळू. ‘हाय’ की ‘लो’ या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्यावर आणि सांगणाऱ्यावर अवलंबून राहते. दात्यांची संख्या आणि चाकाचे अंतर कोणावरही अवलंबून राहत नाही. दुकानात किंवा कारागिराकडे जाताना ही दोन मापे कागदावर लिहून न्यावीत आणि जोडी मागावी ती दात्यांच्या आकड्यांनी. पल्ला त्यांतून आपोआप निघतो, आणि तो आपल्या इंजिनाला झेपेल की नाही, हे आस खोलण्यापूर्वीच कळते.