बातमीतल्या ‘जिवंत काडतुसा’त कागद कुठून आला?

वाशीममधल्या एखाद्या घरातली सकाळ डोळ्यासमोर आणा. आई रेशन कार्ड घेऊन रांगेत उभी आहे. दवाखान्यात आजोबांच्या पलंगाला तापाचा चार्ट लटकवलाय. दादा चार्टर्ड अकाउंटंट व्हायचा अभ्यास करतोय, धाकटी कार्टून बघतेय. आणि मोबाईलवर बातमी येते, ‘गावठी कट्ट्यासह दोन जिवंत काडतुसं जप्त.’

कार्ड, चार्ट, चार्टर्ड, कार्टून आणि काडतूस. यांचा एकमेकांशी काय संबंध?

तर हे पाचही शब्द एकाच कुळातले आहेत. त्यांचा मूळपुरुष म्हणजे लॅटिन भाषेतला ‘कार्टा’ हा शब्द. त्याचा अर्थ होता लिहायचा कागद.

मूळ शब्द आला कुठून?

रोमन लोकांच्या काळात आजच्यासारखा कागद नव्हता. इजिप्तमध्ये नाईल नदीकाठी पपायरस नावाची लव्हाळ्यासारखी वनस्पती उगवायची. तिच्या गाभ्याच्या पट्ट्या एकावर एक दाबून लिहायचं पान तयार व्हायचं. या पानाला ग्रीक लोक ‘खार्तेस’ म्हणत. त्यावरून लॅटिनमध्ये ‘कार्टा’ आला.

म्हणजे लॅटिनमध्ये दोन शब्द झाले. वनस्पतीचा ‘पपायरस’ आणि लिहायच्या पानाचा ‘कार्टा’.

पुढे रोमन साम्राज्य मोडलं आणि बोली लॅटिनमधून इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, रोमेनियन अशा भाषा तयार झाल्या. ‘कार्टा’ सगळ्यांच्या वाट्याला आला, पण प्रत्येकीत त्याचा अर्थ वेगळा झाला.

इटालियनमध्ये ‘कार्ता’ म्हणजे आजही कागदच. पोर्तुगीजमध्ये ‘कार्ता’ म्हणजे पत्र. स्पॅनिशमध्ये पत्र, खेळायचा पत्ता आणि हॉटेलातला मेनूसुद्धा. फ्रेंचमध्ये ‘कार्त’ म्हणजे नकाशा, कार्ड आणि मेनू. मोठ्या हॉटेलात ‘आ ला कार्त’ म्हणतात तो हाच. आणि रोमेनियनमध्ये ‘कार्ते’ म्हणजे चक्क पुस्तक.

असं का झालं? स्पेन, पोर्तुगाल आणि फ्रान्समध्ये कागदासाठी पपायरसवरून आलेले ‘पापेल’, ‘पापिए’ हे शब्द रुळले. इंग्रजीतला ‘पेपर’ त्यातलाच. कागद म्हणायला दुसरा शब्द मिळाल्यावर ‘कार्टा’ मोकळा झाला आणि कागदापासून जी वस्तू बनते तिला चिकटला. कुठे पत्राला, कुठे नकाशाला. इटलीत कागदाचं काम त्याच्याकडेच राहिलं, म्हणून तिथे अर्थही टिकला.

मराठीत हे शब्द कोणत्या वाटेने आले?

बहुतेक सगळे इंग्रजीमार्गे आले. ‘कार्ड’ आणि ‘चार्ट’ इंग्रजीने फ्रेंचकडून घेतले. ‘चार्टर’ म्हणजे कागदावर लिहून दिलेली सनद. १२१५ सालचा इंग्लंडमधला प्रसिद्ध ‘मॅग्ना कार्टा’ म्हणजे शब्दशः ‘मोठी सनद’. १८५४ मध्ये एडिनबरोच्या हिशेबनीसांच्या संस्थेला राजघराण्याकडून अशी सनद मिळाली आणि ते ‘चार्टर्ड’ अकाउंटंट झाले. आपल्या सीएमधला ‘सी’ तो हाच.

‘कार्टून’ची गोष्ट आणखी मजेशीर आहे. इटालियनमध्ये ‘कार्तोने’ म्हणजे जाड कागद. भिंतीवर चित्र काढण्याआधी चित्रकार त्यावर कच्चं रेखाटन करत, त्यालाही तेच नाव पडलं. १८४३ मध्ये लंडनमध्ये संसदेच्या नव्या इमारतीसाठी अशा रेखाटनांचं प्रदर्शन भरलं. ‘पंच’ या साप्ताहिकाने त्याची टिंगल करत स्वतःच्या व्यंगचित्राला ‘कार्टून’ म्हटलं. तेव्हापासून कार्टून म्हणजे हसवणारं चित्र.

काडतूस मात्र इंग्रजीतून आलं नाही. शाळेच्या व्याकरणात पोर्तुगीज शब्दांच्या यादीत बटाटा, पगार, चावी यांच्यासोबत काडतूसही असतं. मूळ शब्द ‘कार्तुशु’. त्याच्याही मागे इटालियन ‘कार्तोच्चो’ आहे, म्हणजे कागदाची गुंडाळी. किराणा दुकानात शेंगदाण्याची पुडी बांधतात, तशी.

पण गोळीचा आणि कागदाच्या पुडीचा संबंध काय?

आज काडतूस म्हटलं की पितळी नळकांडं आठवतं. पण पूर्वी ती खरंच कागदाची पुडी असायची. आत मोजून घातलेली बंदुकीची दारू आणि एक गोळी. शिपाई पुडीचं टोक दाताने फाडायचा, दारू नळीत ओतायचा आणि वरून गोळी ठासायचा.

हे माहीत असलं की १८५७ चा धडा नीट कळतो. ‘शिपायांना काडतूस दाताने तोडावं लागे’ हे वाचून अनेकांना प्रश्न पडतो, धातूचं काडतूस दाताने कसं तोडणार? तोडायचा होता तो कागद. नव्या एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसाच्या कागदाला गायीची आणि डुकराची चरबी लावलीय, अशी बातमी छावण्यांत पसरली. म्हणजे हिंदू आणि मुसलमान, दोघांचाही धर्म बुडणार. मेरठमध्ये ८५ शिपायांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. त्यांना बेड्या ठोकून तुरुंगात टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी, १० मे १८५७ ला, उठाव झाला.

उठावाची कारणं बरीच होती. पण ठिणगी पडली ती एका कागदावरून.

आपल्याकडेही हेच झालंय

वस्तू बदलते, नाव तेच राहतं. ही गंमत फक्त लॅटिनची नाही. संस्कृत ‘पत्र’ म्हणजे झाडाचं पान. पानावर लिहायला लागले, म्हणून लिहिलेला मजकूर ‘पत्र’ झाला. त्याच कुळात लग्नाची पत्रिका आली, वर्तमानपत्र आलं, खेळायचे पत्ते आले आणि घरावरचा पत्रासुद्धा.

याचा एक जुना पुरावा वाशीममध्येच सापडलाय. वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. १९३९ मध्ये इथे दुसऱ्या विंध्यशक्ती राजाची तांब्यावर कोरलेली दानाची सनद उजेडात आली. ती चौथ्या शतकातली आहे आणि तिची भाषा काही संस्कृत, बरीचशी प्राकृत आहे. अशा सनदेला ताम्रपट किंवा ताम्रपत्र म्हणतात. सनद तांब्याची, पण नावात झाडाचं पान.

युरोपात कागदाचं ‘कार्टा’ सनदेपर्यंत पोचलं, आपल्याकडे झाडाचं ‘पत्र’ सनदेपर्यंत पोचलं. दोन्हीकडे वाट एकच होती.

आज रेशन कार्ड मोबाईलमध्ये आलंय, एटीएम कार्ड प्लॅस्टिकचं आहे आणि काडतूस पितळेचं. कागद कधीच गेला, नावात तेवढा राहिला.