अंदमानला निघालात? आधी पुस्तक तपासा

परळ, माहीम, वरळी, माझगाव ही नावं घेताना आपण बेटांची नावं घेतोय, असं आता कुणाला वाटत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीचा बांध झाला, पुढे भराव पडत गेले आणि सात बेटांचं एक शहर झालं. लालबागहून गिरगावात जायला बोट लागत नाही, त्यामुळे बेटावरचं आयुष्य बोटीच्या हातात असतं हे आपण विसरून गेलो. अंदमानला जायचं ठरलं, की महाबळेश्वरसाठी निवडावं तसंच पुस्तक निवडतो. फोटो किती, ‘प्रेक्षणीय स्थळं’ किती आणि किंमत किती, एवढं पाहतो. बोट, वारा, दिवसाचा उजेड, परवाने यांबद्दल पुस्तकात काही आहे का, हे सहसा कुणी पाहत नाही. बेटावरच्या सहलीचं नशीब मात्र याच गोष्टी ठरवतात.

अंदमानचं उदाहरण मुद्दाम घेतो. बेटावरच्या सुट्टीसाठी मालदीव, बाली, मॉरिशस अशी नावं आता घरोघर घेतली जातात. पण शिवाजी पार्कच्या सावरकर स्मारकासमोरून रोज जाणाऱ्या माणसाला अंदमान नुसतं समुद्रकिनाऱ्यासाठी पाहायचं नसतं. त्याला आधी सेल्युलर जेल पाहायचं असतं आणि किनारे नंतर. त्याच्या गरजेचं पुस्तक त्यामुळे थोडं वेगळं असतं.

‘यंदाची आवृत्ती आहे, म्हणजे माहिती ताजीच’

मुखपृष्ठावर असतं ते छपाईचं वर्ष. लेखक बेटावर जाऊन येणार, लिहिणार, मग संपादन, नकाशे, छपाई, वितरण. पुस्तक दादरच्या दुकानात पोचेपर्यंत त्यातलं बोटीचं वेळापत्रक शिळं झालेलं असतं. ‘सुधारित आवृत्ती’ या दोन शब्दांवरही फार भिस्त ठेवू नये. कधी कधी सुधारलेलं असतं ते फक्त मुखपृष्ठ.

अंदमानवरच्या पुस्तकाचं खरं वय ओळखणं मात्र सोपं आहे, कारण तिथली नावंच बदलली आहेत. ३० डिसेंबर २०१८ रोजी हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरला श्री विजयपुरम हे नाव मिळालं. दुकानात उभ्या उभ्या अनुक्रमणिका उघडावी. नुसतंच हॅवलॉक आणि नील असेल, तर पुस्तक निदान त्या भागापुरतं २०१८ च्या आधीचं. दोन्ही नावं शेजारी शेजारी दिली असतील तर लेखकाने काम केलंय असं समजावं, कारण लोकांच्या तोंडी जुनी नावं अजून आहेतच.

दुसरी खूण इंटरनेटची. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली सुमारे २,३०० किलोमीटरची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. त्याआधी सगळा कारभार उपग्रहावर चालायचा आणि साधा ईमेल उघडायलाही जीव मेटाकुटीला यायचा. ‘इथे इंटरनेट विसरा’ असं एखादं पुस्तक सांगत असेल, तर ते त्या काळातलं आहे. (लहान बेटांवर रोख पैसे जवळ ठेवा, हा त्याचा सल्ला मात्र आजही पाळावा.)

तिसरी खूण नकाशाची. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात आणि सुनामीत या बेटांची जमीनच हलली. उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला आणि उथळ पाण्यातली प्रवाळं उघडी पडली. दक्षिणेकडे जमीन खचली आणि ग्रेट निकोबारचं इंदिरा पॉइंट चार मीटरहून अधिक खाली गेलं. फाउंटनच्या किंवा किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनं गाइड स्वस्तात मिळतं, तेव्हा हे लक्षात ठेवावं. इतिहासासाठी ते खुशाल घ्यावं, किनारे आणि प्रवाळांसाठी नाही. २०१० मध्ये समुद्राचं पाणी तापून इथली बरीच प्रवाळं पांढरी पडली. त्याआधीच्या पुस्तकांतली ‘पाण्याखालची रंगीत बाग’ त्याच जागी तशीच दिसेल, असं धरून चालू नये.

मालदीवला निघालेल्यांसाठीही अशीच एक कसोटी आहे. २००९ नंतर तिथल्या वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसांना परवानगी मिळाली. पुस्तक जर फक्त महागड्या रिसॉर्टबद्दलच बोलत असेल, तर ते बाजूला ठेवावं.

‘परदेशी गाइड म्हणजे खात्रीचं, आणि जेवढं जाड तेवढं चांगलं’

टोनी आणि मॉरीन व्हीलर यांनी १९७३ मध्ये लोन्ली प्लॅनेट सुरू केलं आणि पाठीवर पिशवी टाकून फिरणाऱ्यांची सोय केली. त्यांचं ऋण मान्यच आहे. पण त्यांच्या भारतावरच्या पुस्तकाची पानं हजारावर जातात आणि अंदमान-निकोबारच्या वाट्याला त्यातली मोजकीच येतात. त्या मोजक्या पानांसाठी किलोभर ओझं उचलायचं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

पुस्तक कुणासाठी लिहिलंय, हे त्याहून महत्त्वाचं. परदेशी पाहुण्यांना अंदमानसाठी खास परवाना लागायचा आणि २०१८ मध्ये तीस बेटांपुरती ती अट शिथिल झाली. यावर इंग्रजी गाइड सविस्तर लिहितं, पण तो तपशील परळच्या पाटलांच्या काही कामाचा नाही. उलट पाटलांना जे माहीत असायला हवं, ते त्यात एखाद्या ओळीत उरकलेलं असतं. निकोबार आणि राखीव आदिवासी क्षेत्रं भारतीयांनाही परवानगीशिवाय बंद आहेत. ‘आपलाच देश, परवाना कसला?’ हा गैरसमज परदेशी पुस्तकांमुळे नव्हे, आपला आपणच करून घेतलेला आहे. लक्षद्वीपच्या बाबतीत तो आणखी महागात पडतो. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या दौऱ्याचे फोटो पाहून पुष्कळांनी लक्षद्वीपची चौकशी सुरू केली. पण बाहेरून येणाऱ्या भारतीयालाही तिथे प्रवेश-परवाना लागतो. ३६ बेटांपैकी वस्ती फक्त दहांवर आहे आणि पर्यटकांना त्यांतली मोजकीच खुली आहेत. परवाना कोण काढून देतो आणि किती आधी अर्ज करायचा, हे पहिल्या काही पानांतच नसेल तर लक्षद्वीपचं ते पुस्तक नुसतं पाहायला छान.

आणखी एक. ही गाइडं पंचविशीतल्या, एकट्यादुकट्या प्रवाशाला समोर धरून लिहिलेली असतात. बोटीत चढताना हात धरावा लागेल का, जेलच्या मनोऱ्यावर जायला जिने किती, गुडघे धरलेल्या आजींना धक्क्यापासून किती चालावं लागेल, हे त्यांत सापडत नाही. तीन पिढ्यांना घेऊन निघालेल्या माणसाला समुद्राखालच्या माशांच्या जातींपेक्षा ही माहिती जास्त हवी असते.

‘सुट्टी मे महिन्यात आणि दिवाळीत, मग तेव्हाच जायचं’

इथे जरा थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच बुडतात. मोसमी वारे केरळात यायच्या आधी अंदमानात पोचतात, साधारण मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. मुंबईत पाऊस यायला जूनचा दुसरा आठवडा उजाडतो. म्हणजे इथे आपण आंबे खात घामाघूम झालेलो असतो, तेव्हा तिथे छत्र्या उघडलेल्या असतात. आपला पाऊस चार महिन्यांत आटोपतो. तिथला मे ते नोव्हेंबर चालतो, कारण नैऋत्येचे वारे परतले की ईशान्येचे सुरू होतात. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. दिवाळीची सुट्टी नेमकी ईशान्य मोसमीत येते आणि बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा मोसमही तोच. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे बोटी बंद पडल्या. हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले आणि त्यांना आणायला नौदलाला जावं लागलं.

याचा अर्थ मे किंवा दिवाळीत जाऊच नये, असा नाही. एप्रिलअखेर, मेचा पहिला आठवडा पुष्कळदा छान जातो. पण पुस्तकात ‘उत्तम काळ: ऑक्टोबर ते मे’ अशी एकच ओळ असेल तर ते खाली ठेवावं. हवा असतो महिनावार पावसाचा तक्ता आणि समुद्र खवळला तर बोटींचं काय होतं, याबद्दल एक तरी परिच्छेद. जानेवारी ते मार्च हे सर्वांत कोरडे महिने. अडचण एवढीच, की तेव्हा मुलांच्या शाळा असतात.

घड्याळाबद्दल तर बहुतेक पुस्तकं गप्पच असतात. अंदमानचं घड्याळ आपलंच, भारतीय प्रमाणवेळेचं. पण ही बेटं मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ वीस रेखांश आहेत. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास तिथे सूर्य सव्वापाचच्या आसपास उगवतो आणि पाच वाजायच्या आत मावळतो. कालनिर्णयवरच्या मुंबईच्या वेळा तिथे चालत नाहीत. दुपारी जेवून, जरा पडून, साडेचारला चहा घेऊन किनाऱ्यावर जाण्याची सवय असेल, तर हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त हॉटेलातच संपतो. चांगल्या पुस्तकातला दिवसक्रम पहाटे सुरू होतो. ज्यात ‘सकाळी १० वाजता स्थलदर्शन’ असं असतं, ते मुंबईत बसून लिहिलेलं.

सणांचंही तसंच. बालीत शक नववर्षाचा न्येपी हा दिवस चोवीस तास मौनाचा असतो. विमानतळसुद्धा बंद राहतो आणि पर्यटकांना हॉटेलाबाहेर पडता येत नाही. २०२३ मध्ये न्येपी आणि आपला गुढीपाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला आले. पाडव्याला जोडून बालीची सुट्टी आखणाऱ्याच्या पुस्तकात या दिवसाचा उल्लेख हवाच.

‘माझी जन्मठेप वाचलंय, आता आणखी काय वाचायचं?’

आपल्याकडे प्रवासवर्णन आणि मार्गदर्शक पुस्तक यांत फार फरक करत नाहीत. ‘पूर्वरंग’ वाचून पूर्वेच्या देशांची ओढ लागते, पण तिथे रिक्षा कुठे मिळते हे काही पु. ल. सांगायला बसले नव्हते. तरी सेल्युलर जेलपुरतं मी उलटं म्हणेन. तिथे कोणतंही गाइड सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ची जागा घेऊ शकत नाही. सावरकर ४ जुलै १९११ रोजी तिथे पोचले आणि १९२१ पर्यंत तिथे होते. त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीपासूनच तिथे होते, हे वाचून गेलेल्या माणसाला तो लांबलचक व्हरांडा वेगळा दिसतो.

गाइडने इथे वाचकाचे गैरसमज दूर करायला हवेत. १९०६ मध्ये पुरं झालेलं हे बांधकाम मधल्या मनोऱ्यापासून फुटणाऱ्या सात कक्षांचं होतं, पण आज उभे आहेत फक्त तीन. उरलेल्या जागेचा काही भाग १९६३ मध्ये सुरू झालेल्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयाकडे गेला. सातही कक्ष पाहायला मिळतील या आशेने जाणारे हिरमुसतात. आणखी एक गोष्ट, जी मराठी पुस्तकं हटकून विसरतात: इथल्या राजबंद्यांत बंगाली क्रांतिकारक मोठ्या संख्येने होते. जेलचं प्रकरण एकाच नावावर सुरू होऊन तिथेच संपत असेल, तर ते पुस्तक अपुरं आहे.

तारे, क्रमांक आणि ‘जगातला सर्वोत्तम’

राधानगरच्या किनाऱ्याला २००४ मध्ये टाइमने आशियातला सर्वोत्तम ठरवलं आणि तेव्हापासून प्रत्येक पुस्तक तेच सांगत आलंय. किनारा सुंदरच आहे, पण ती प्रशस्ती वीस वर्षांपूर्वीची. पोहायच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की या बेटांच्या खाडीकिनारी खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकला एका पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. पुस्तकाच्या सूचीत ‘मगर’ हा शब्द आहे का, ते पाहा. नसेल तर लेखकाने किनारा फोटोतच पाहिलेला असण्याची शक्यता जास्त.

अंदमानातल्या जारवा आदिवासींबद्दल पुस्तक काय लिहितं, हीही एक कसोटी. बाराटांग बेटाकडे जाणारा रस्ता त्यांच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात, थांबायला आणि फोटो काढायला मनाई असते आणि नियम मोडणं हा गुन्हा आहे. त्यांना ‘पाहण्याची संधी’ म्हणणारं पुस्तक आजही हाती आलं, तर ते दुकानदाराला परत द्यावं. हा ताफा पकडायला पहाटे तीन-चारला निघावं लागतं, हे आजीआजोबांना आधी सांगून ठेवावं. शंखशिंपल्यांच्या बाबतीतही तेच. किनाऱ्यावर पडलेलं प्रवाळ उचलून पिशवीत टाकलं, तर विमानतळावरच्या तपासणीत ते निघतं. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत.

‘मोबाईल आहे, आणि शिवाय टूरबरोबरच जातोय’

मोबाईलवर आज सुटणारी बोट कळते आणि तेवढ्यासाठी तो पुस्तकापेक्षा सरस आहे. पण तिथले तारे बहुतेक खोलीतल्या एसीला आणि नाश्त्याला दिलेले असतात. बोटीवर नेटवर्क जातं, तेव्हा पुस्तकातली दोन पानं फोटो काढून ठेवलेली बरी.

टूरबरोबर जाणाऱ्याला पुस्तक लागत नाही, हे तर मला अजिबात पटत नाही. टूरचं माहितीपत्रक म्हणजे काय विकलंय त्याची यादी. काय विचारायचं, ते पुस्तक वाचून कळतं. दादरच्या ऑफिसात पैसे भरायच्या आधी काही गोष्टी विचाराव्यात. हॅवलॉकला नेणारी बोट सरकारी की खाजगी? खाजगी बोट दीड तासात पोचवते, सरकारीला जास्त वेळ लागतो. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरला आहे का? की त्याच सकाळच्या बोटीवर सगळं टांगलेलं आहे? सूर्यास्त पाहायला किती वाजता निघणार? आणि समुद्र खवळून बोट रद्द झाली, तर त्या जादा रात्रीच्या खोलीचे पैसे कोण देणार? याचं उत्तर तोंडी न घेता पावतीवर लिहून घ्यावं.