२४ व्होल्टची बॅटरी आणि १२ व्होल्टचा पंखा

मालमोटारीला विजेचा पुरवठा २४ व्होल्टचा असतो; बाजारात मिळणारा लहानसा पंखा मात्र पुष्कळदा १२ व्होल्टचा निघतो. तो सरळ जोडला, तर दुप्पट दाबाने जळण्याचीच भीती. मग दाब उतरवावा कसा?

पहिला उपाय रोधाचा. पंखा ०.२ अँपिअर प्रवाह घेतो असे धरू. उरलेले १२ व्होल्ट अडविण्यास ६० ओहमचा रोध लागेल. हिशेब जमला, पण २.४ वॅट पंख्याला मिळाले, तर तितकेच रोधात उष्णता होऊन गेले. गारव्यासाठी मांडलेल्या खटाटोपात आपण एक शेगडीच पेटविली! शिवाय सुरू होताना पंखा अधिक प्रवाह मागतो, त्या वेळी रोध अधिक दाब खातो आणि पंखा कधी कधी हलतच नाही.

दुसरा उपाय अधिक मोहात पाडणारा. २४ व्होल्ट म्हणजे बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांची एकसर जोडणी. तेव्हा एकीवरूनच तार घ्यावी. पंखा उत्तम चालतो, पण ती एकटीच रिती होत जाते. पुढे दोघींना एकत्र भारित करताना भरलेलीला फाजील भार मिळतो, रितीला अपुरा. पंख्याच्या सोयीसाठी आपण बॅटऱ्यांचे आयुष्य खर्चतो.

तिसरा उपाय दाब उतरविणाऱ्या कन्व्हर्टरचा. तो वीज अडवून जाळीत नाही; सेकंदाला हजारो वेळा ती जोडतो व तोडतो. मधल्या क्षणी प्रवाह चालू ठेवते ते तारेचे वेटोळे. जाते एकदा फिरू लागले, की हाताचा जोर क्षणभर थांबला तरी पाळू फिरतच राहते, तसेच हे. साधारण अर्धा वेळ वीज जोडली, की १२ व्होल्ट मिळतात. ९० टक्के कार्यक्षमता धरली, तर बॅटरीतून ०.२ ऐवजी सुमारे ०.११ अँपिअरच जातो. मालमोटार चालू असता दाब २८ व्होल्टपर्यंत चढतो, म्हणून कन्व्हर्टर त्याहून अधिक दाब सोसणारा घ्यावा.

उपाय कोणताही योजा, बॅटरीजवळच एक अँपिअरचा फ्यूज बसविल्यावाचून तार पुढे नेऊ नये. पंखा लहान असला, तरी तार घासून उघडी पडली की तीतून वाहणारा प्रवाह पंख्याचा नव्हे, सबंध बॅटरीचा असतो. आणि केबिनमध्ये माणूस झोपलेला असतो.