कच्चा थर

ज्या डोंगरउतारांवर रोपवे पोहोचत नाही, वाट दाखवणाऱ्या खुणा नसतात आणि हिम दाबून सारखे करणारी यंत्रे फिरत नाहीत, तेथे स्वतःच्या पायांनी चढून स्कीवरून किंवा स्नोबोर्डवरून घसरत खाली येण्याच्या साहसप्रकाराला बॅककंट्री स्कीइंग म्हणतात. घसरण्यासाठीच घडवलेली गुळगुळीत फळी चढावर टिकते कशी, हा प्रश्न साहजिक असून त्याचे उत्तर ‘स्किन’ नावाच्या पट्टीत आहे. पूर्वी सीलच्या कातड्याची आणि आता नायलॉनची किंवा मोहेरची असणारी ही पट्टी स्कीच्या तळाला चिकटवली की तिची एकाच दिशेला झुकलेली लव पुढे सरकताना आड येत नाही, पण फळी मागे घसरू लागताच हिमात रुतते. बुटाची टाच मोकळी ठेवणाऱ्या पकडीमुळे पाऊल उचलून चालता येते, आणि माथ्यावर पट्ट्या सोलून, टाच अडकवून उतरायला सुरुवात होते. स्नोबोर्ड ही एकच रुंद फळी असल्याने तिच्यासाठी उभा दुभंगणारा ‘स्प्लिटबोर्ड’ निघाला, जो चढताना दोन स्की होतो आणि उतरताना पुन्हा एक फळी.

भारतात या प्रकाराचे सर्वाधिक प्रसिद्ध क्षेत्र म्हणजे पीर पंजाल रांगेतील गुलमर्गचा अफरवत डोंगर. तेथील ‘गोंडोला’ हा रोपवे प्रवाशांना सुमारे ३,९५० मीटर उंचीवर नेऊन सोडतो आणि देखरेखीखालील उतारांची हद्द ओलांडली की काही पावलांतच बॅककंट्री सुरू होते. मात्र भारतीय स्कीइंगचा इतिहास पर्यटनापेक्षा लष्कराने अधिक घडवला, आणि त्यात कर्नाटकाचा वाटा मोठा आहे. जोझिला खिंडीतील १९४८ च्या लढाईचे नेतृत्व करणारे मेजर जनरल थिमय्या हे कोडगूचे, आणि त्यांच्याच १९ व्या डिव्हिजनने त्या वर्षाच्या डिसेंबरात गुलमर्ग येथे स्की शाळा सुरू केली, जी पुढे ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ या नावाने ओळखली जाऊ लागली. याच संस्थेचे प्रमुख असताना कर्नल नरेंद्र कुमार यांना एका परदेशी साहसवीराच्या नकाशात सियाचीन हिमनदी पाकिस्तानात दाखवलेली आढळली, आणि त्यातून त्यांच्या १९७८ व १९८१ च्या मोहिमा उभ्या राहिल्या. पायाची चार बोटे हिमदंशाने आधीच गमावलेल्या या अधिकाऱ्याची कन्या शैलजा कुमार १९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंगसाठी उतरली आणि हिवाळी ऑलिंपिकमधील पहिली भारतीय महिला ठरली. नरेंद्र कुमार यांच्या या दोन मोहिमांच्या मधल्या काळात, १९८० साली, नेड जिलेट, गॅलन रोवेल आणि त्यांचे दोन सहकारी असे चार अमेरिकन स्कीवरून काराकोरम ओलांडून गेले. सियाचीन, बाल्तोरो, बियाफो व हिस्पर या हिमनद्यांवरून सुमारे ४६० किलोमीटरची ही वाट त्यांनी जवळपास सहा आठवड्यांत कापली. त्यांच्या वाटेवरची ‘बिलाफोंड ला’ ही खिंड १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’मध्ये भारतीय सैन्याने ताब्यात घेतली, आणि तेव्हापासून सियाचीनवर केवळ हौसेखातर स्की नेण्याचे दिवस संपले.

या साऱ्या हालचालींवर सत्ता मात्र एकाच गोष्टीची चालते, ती म्हणजे पायाखालच्या हिमाच्या थरांची. मराठीत आकाशातून भुरभुरणाऱ्या हिमाला आणि सरबतात टाकायच्या खड्यालाही ‘बर्फ’ म्हणून भागते, कारण दख्खनच्या पठाराला याहून बारीक भेद करण्याची गरज कधी पडली नाही. स्कीवर जाणाऱ्याचे मात्र एवढ्यावर भागत नाही. हिवाळ्यातील प्रत्येक हिमवर्षाव आधीच्या वर्षावावर स्वतंत्र थर म्हणून बसतो, आणि वारा, ऊन व थंडी त्या प्रत्येक थराचा पोत पुढे निरनिराळा घडवत राहतात. यातील सर्वांत दगाबाज घडामोड जमिनीलगत होते. हिमाखाली झाकलेली जमीन शून्य अंशाच्या आसपास राहते, वरची हवा मात्र त्याहून कितीतरी थंड असते, आणि हिमाची जाडी जितकी कमी तितका हा फरक थोड्या अंतरात सामावला जातो. साधारण दहा सेंटिमीटरमागे एक अंशाहून अधिक फरक पडू लागला की खालच्या कणांतील बाष्प वर सरकून पुन्हा गोठते आणि पैलूदार, एकमेकांना न चिकटणारे दाणे तयार होतात. हे दाणे मुठीत दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही, ते साखरेसारखे बोटांतून निसटतात. अशा थरावर पुढे वाऱ्याने घट्ट केलेले नवे हिम बसले म्हणजे ज्वारीचे दाणे पसरून त्यांवर शहाबादी फरशी ठेवावी आणि मग ती तिरकी करावी, तशी अवस्था होते. त्यामुळे कमी हिमाचा हिवाळा सुरक्षित असतो, ही समजूत उलटी ठरते. लडाखकडील कोरड्या, कडाक्याच्या थंडीच्या उतारांवर हा कच्चा थर विशेष टिकून राहतो, तर भरघोस हिम पडणाऱ्या पीर पंजालमध्ये धोका मुख्यतः वर्षाव चालू असताना आणि त्यानंतरच्या एकदोन दिवसांत असतो.

ही फरशी सुटून हिमस्खलन होण्यासाठी उतार लागतो, आणि तो बहुधा ३० ते ४५ अंशांचा असतो. दुर्दैवाने स्कीइंगची खरी रंगतही याच उतारांवर असते. मनोरंजनासाठी गेलेल्यांच्या प्राणघातक अपघातांत बहुतेक वेळा हिमस्खलनाला धक्का देणारा स्वतः बळी किंवा त्याच्याच गटातील कोणी असतो, म्हणजे या संकटाला निव्वळ दैवी म्हणणे ही एक सोयीस्कर पळवाट आहे. पायाखालून दबका ‘धुम्म’ असा आवाज येणे व हिमावर तडा धावत जाणे ही कच्चा थर कोसळत असल्याची खूण असते आणि जाणकार तेथूनच मागे फिरतात.

कोसळणारे हिम थांबले की त्याचे कण एकमेकांना जखडतात आणि गाडलेल्या माणसाला बोटही हलवता येत नाही. १९९४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्विस नोंदींच्या अभ्यासानुसार पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पंधराव्या मिनिटाला ९२ टक्के जिवंत असतात, तर पस्तिसाव्या मिनिटाला हे प्रमाण ३० टक्क्यांवर येते, कारण थंडीच्या आधी गुदमरणेच प्राण घेते. हेलिकॉप्टर इतक्या वेळात पोहोचत नाही. वाचवू शकतात ते शेजारचे सोबतीच, आणि तेही त्यांच्याकडे ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारा व शोधणारा ट्रान्सीव्हर, हिमात खुपसून पाहण्याची लांब घडीची काठी आणि फावडे असेल तरच. गुलमर्गजवळ खिलनमर्ग येथे ८ फेब्रुवारी २०१० रोजी प्रशिक्षण घेणारे १७ जवान हिमस्खलनात गेले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतवर दोन पोलिश आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याच परिसरात एक रशियन स्कीपटू मृत्यू पावला.

हुबळीच्या विद्यानगरातील किंवा धारवाडातील वाचकाला हिमस्खलन या शब्दाची ओळख मात्र पर्यटनातून झाली नाही. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनच्या उत्तर भागात सुमारे १९,६०० फुटांवरील सोनम चौकीवर बर्फाची प्रचंड भिंत कोसळून मद्रास रेजिमेंटच्या १९ व्या बटालियनचे दहा जवान गाडले गेले, ज्यांत सातारा जिल्ह्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी आणि कुंदगोळ तालुक्यातील बेटदूरचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद होते. हे हौशी स्कीपटूंनी ओढवून घेतलेले फरशीसारखे स्खलन नव्हते; येथे हिमनदीचाच कडा तुटला होता. गाडल्या गेलेल्यांचा ठाव लावण्यासाठी जमिनीखालचा वेध घेणारी रडार उपकरणे वर नेली गेली, डॉट आणि मिशा या कुत्र्यांनी हुंगून जागा दाखवल्या, आणि दगडासारखा घट्ट बर्फ कापत बचाव पथकाने २५ फुटांहून खोल खणले. सहाव्या दिवशी, ८ फेब्रुवारीच्या रात्री, कोप्पद जिवंत सापडले.

पंधरा मिनिटांच्या हिशेबात सहा दिवस कसे बसतात, याचे उत्तर कोप्पद ज्या तंबूत गाडले गेले त्यात शोधावे लागते. कोसळलेल्या बर्फाने तंबू सपाट न करता आत थोडी पोकळी ठेवली असावी आणि त्या हवेवर श्वास चालू राहिला असावा, असा तज्ज्ञांचा कयास होता. हिमात थेट जखडल्या गेलेल्या स्कीपटूच्या वाट्याला अशी पोकळी फार क्वचित येते. दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात कोप्पद यांचे मूत्रपिंड व यकृत निकामी होत गेले, न्यूमोनिया जडला, आणि ११ फेब्रुवारीला त्यांची प्राणज्योत मालवली. दुसऱ्या दिवशी हुबळीत अंत्यदर्शनासाठी हजारो लोक लोटले आणि त्यानंतर बेटदूरच्या मातीत त्यांना निरोप देण्यात आला.